हुतुतू ते प्लेऑफ : आमच्या मैदानावरून पाहिलेली कबड्डी

३१ ऑगस्ट २०१४ चा रविवार आमच्या मंडळातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. गणपती बसून तिसरा दिवस होता. रात्रीच्या आरतीची वेळ आणि प्रो कबड्डी लीगच्या पहिल्यावहिल्या अंतिम सामन्याची वेळ जवळजवळ एकच आली. सामना मुंबईत, वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये होता; आम्ही इकडे, सौसरच्या मंडपात. पोट्ट्यांनी दुपारपासून भुणभुण लावली होती. शेवटी जाणत्या मंडळींनी आरती अर्धा तास आधी घ्यायचे ठरवले आणि प्रसाद वाटता वाटताच मंडपामागे टीव्ही लागला. त्या दिवशी मंत्रपुष्पांजली जरा घाईत झाली हे कबूल करायला हवे. बाप्पाने ते मनावर घेतले नसावे.

एका बाजूला यू मुंबा, दुसऱ्या बाजूला जयपूर पिंक पँथर्स. आमच्याकडचे सगळे मुंबईच्या बाजूने. अनुप कुमार हा मुंबईचा कर्णधार हरियाणाचा आहे हे कोणाच्या गावीही नव्हते. नाव मुंबईचे, म्हणजे चमू आपला. मुंबई ३५-२४ अशी हरली. पोट्टे तोंड पाडून बसले. पण पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसलेले आमच्यातले एक ऐंशीच्या घरातले काकाजी मात्र खुशीत होते. निळ्या-गुलाबी दिव्यांत, गादीवर, बूट घालून खेळणारे ते गडी पाहून ते एवढेच म्हणाले, "अरे, हे तर आपलं हुतुतू होय!"

त्यांच्या त्या एका वाक्यावरूनच हा लेख लिहायचे बरीच वर्षे मनात होते. मंडळाने यंदा स्मरणिकेसाठी पाने दिली म्हणून लिहीत आहोत.

हुतुतू हे आपल्या मराठी मुलखातले नाव. मद्रासकडे चेडुगुडू, बंगालात हाडूडू, उत्तरेत कबड्डी. खेळ एकच, पण प्रत्येक गावाचा नियम निराळा. कुठे नऊ गडी, कुठे सात. कुठे मैदान गोल, कुठे चौकोनी, कुठे नुसतीच मधोमध ओढलेली एक रेघ. बाद झालेला गडी परत येतो की नाही यावरून तीन प्रकार पडले होते. संजीवनीत आपला गडी मारला गेला की तो बाहेर बसतो आणि समोरचा मेला की जिवंत होतो. गामिनीत एकदा गेलेला गडी सगळा चमू संपेपर्यंत परत येत नाही. अमर प्रकारात कोणीच बाहेर जात नाही, नुसते गुण मोजले जातात. आज टीव्हीवर आपण पाहतो तो संजीवनीचा वंश. आमच्या लहानपणी शाळेच्या मैदानावर मात्र तिन्ही प्रकारांची खिचडी चालायची. ज्याचा आवाज मोठा, त्याचा नियम लागू व्हायचा.

या खेळाला शिस्त लावण्याचे काम महाराष्ट्रात झाले, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. सन १९१८ च्या सुमारास साताऱ्याकडच्या मंडळींनी नियम बांधायला सुरुवात केली. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने सुधारलेल्या नियमांवर अखिल भारतीय सामने भरवले. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यात आणखी भर घातली. आणि १९३६ मध्ये जे झाले ते तर आपल्या शेजारचेच. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तिथे त्यांनी मल्लखांबासह आपले देशी खेळ दाखवले. त्यात हुतुतूही होते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. पांढुर्ण्याहून वरुडचा रस्ता धरला की आपण अमरावती जिल्ह्यातच शिरतो. म्हणजे ज्या मातीतली पोरे बर्लिनला जाऊन आली, ती माती आपल्या बांधाला लागून आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा सामन्यांत कबड्डीला जागा मिळाली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पहिली पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा. देशभर एकच नाव हवे म्हणून 'कबड्डी' मान्य झाले आणि आपले हुतुतू कागदावरून गेले. महाराष्ट्राने त्याचे फार वाईट वाटून घेतले नाही. उलट शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या माणसाने सगळे आयुष्य याच खेळाला देऊन टाकले. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला आणि १९९० मध्ये बीजिंगला पदकाचा खेळ झाला. भारताने सुवर्ण घेतले. त्या चमूत महाराष्ट्राचे अशोक शिंदे होते, जे नंतर काही काळ पुणेरी पलटणचे प्रशिक्षक झाले.

आता आमची अडचण. १९५६ पर्यंत सौसर-पांढुर्णा ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला, राजधानी भोपाळ. त्याची कारणे आणि वाद सगळ्यांना ठाऊक आहेत, ते इथे उकरायचे नाहीत. आमच्यातल्या बहुतेकांच्या आजोबांनी घर बदलले नाही, फक्त राज्य बदलले. संत्र्याची गाडी नागपूरला, लग्नाची खरेदी नागपूरला, आजारपण नागपूरला, आणि दाखला, बदली, पेन्शन भोपाळला. खेळाचेही तसेच. इथला गडी राष्ट्रीय स्पर्धेला जायचा तर मध्यप्रदेशकडून. निवड चाचणीला जायला रात्रभर रेल्वेत काढावी लागते, आणि तिथे खेळाची सगळी बोलणी हिंदीत. आमची पोरे हिंदीत कमी पडतात असे नाही. शाळेत, कचेरीत तीच भाषा आहे. पण मैदानावर घाईच्या क्षणाला तोंडून 'धर रे, पाय धर' असेच निघते, आणि शेजारचा गडी भलतीकडेच बघत राहतो. हे हसण्यासारखे वाटेल, पण साखळी करून पकड घालताना अर्ध्या क्षणाचा उशीर म्हणजे गुण गेला.

२०१४ ला लीग आली तेव्हा आठ चमू होते : मुंबई, पुणे, जयपूर, पाटणा, दिल्ली, बंगाल, बंगळुरू आणि तेलुगू टायटन्स. पुढे २०१७ मध्ये गुजरात, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूचे चमू आले आणि बारा झाले. मध्यप्रदेशचा एकही नाही. विदर्भाचाही नाही. म्हणजे आमच्यासारख्यांना दोन्हीकडून घर नाही, म्हणून कोणत्याही घरात जायला मोकळीक. आमच्या मंडळात त्यामुळे तट पडले. जुन्या पिढीतले यू मुंबाचे, मधली पिढी पुणेरी पलटणची, आणि सगळ्यात लहान पोट्टे, ज्यांनी परदीप नरवालला पाहत डोळे उघडले, ते पाटणा पायरेट्सचे. सौसरच्या मराठी घरातले पोरगे हिरवा शर्ट घालून पाटण्यासाठी ओरडते, तेव्हा आज्यांना प्रश्न पडतो.

लीगच्या मागे आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांची मशाल स्पोर्ट्स ही कंपनी होती. दूरचित्रवाणीच्या आकडेवारीप्रमाणे पहिला हंगाम सुमारे ४३.५ कोटी लोकांनी पाहिला. पैशाचेही सांगायला हवे. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०१८ मध्ये मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले, आणि पुढच्याच हंगामासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना घेतले. चंदगडही सीमेवरचा तालुका, पलीकडे बेळगाव. आमच्यासारखाच काठावरचा पोरगा. त्यामुळे ती बातमी आमच्याकडे जरा जास्तच वाचली गेली.

लीगमधला आमचा खरा आवडीचा भाग म्हणजे शेवटचे दहा-बारा दिवस, ज्याला आता सगळेच प्लेऑफ म्हणतात. साखळीत कितीही सामने जिंका, करंडक या दहा दिवसांत ठरतो. तो कसा ठरवायचा, याची रीत मात्र लीगने तीनदा बदलली. पहिल्या चार हंगामांत सरळ हिशेब होता. पहिले चार उपांत्य फेरीत, हरलेले दोघे तिसऱ्या जागेसाठी, जिंकलेले दोघे करंडकासाठी. बारा चमू झाल्यावर पाचव्या आणि सहाव्या हंगामात दोन विभाग केले, प्रत्येकातून तिघांना घेतले आणि वरच्यांना एक हार माफ अशी क्रिकेटसारखी सोय केली. सातव्या हंगामापासून विभाग गेले. २०२४ च्या अकराव्या हंगामापर्यंत सहा चमू येत; पहिले दोन थेट उपांत्य फेरीत जाऊन आराम करत, तिसरा-सहावा आणि चौथा-पाचवा आपसात खेळत, हरला तो घरी.

यातली कोणती रीत न्याय्य, यावर आमच्या कट्ट्यावर रात्री-रात्री वाद झाले आहेत. २०१७ चे उदाहरण घ्या. पाटण्याला वरून थेट वाट मिळाली नव्हती, एकामागून एक सामने जिंकत यावे लागले. त्यातल्या हरियाणाविरुद्धच्या सामन्यात परदीप नरवालने एकट्याने ३४ गुण घेतले आणि एका चढाईत आठ. समोर सहा-सातच गडी असताना आठ गुण कसे, असे तेव्हा काकूंनी विचारले होते. उत्तर असे की सहा गडी बाद झाल्यावर समोरचे सगळे संपले, म्हणून लोण चढला आणि लोणाचे दोन गुण वर मिळाले. अंतिम सामन्यात पाटण्याने गुजरातला ५५-३८ असे हरवले आणि सलग तिसरा करंडक घेतला. लांबच्या वाटेने आलेला चमू दमून हरतो असे आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. त्या वर्षी आमचे ऐकणारे कमी झाले.

त्या हरलेल्या गुजरातच्या प्रशिक्षकाची गोष्ट आम्हाला करंडकापेक्षा मोठी वाटते. मनप्रीत सिंग. तिसऱ्या हंगामात, मार्च २०१६ मध्ये, पाटण्याने यू मुंबाला ३१-२८ असे हरवून पहिला करंडक घेतला तेव्हा तो त्यांचा कर्णधार होता. आमच्या मंडपातल्या मुंबईवाल्यांना तो दिवस अजून बोचतो. मग तो प्रशिक्षक झाला. गुजरातला घेऊन २०१७ ला अंतिम सामन्यात गेला, हरला. पुन्हा गेला, ५ जानेवारी २०१९ ला मुंबईत, बंगळुरूकडून ३३-३८ असा हरला. मग हरियाणा स्टीलर्सकडे आला, २०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार. काठाशी बसून ओरडणारा, मांडी थोपटणारा, गड्यांच्या आधी स्वतःच उडी मारणारा हा माणूस तीनदा करंडकाच्या हातभर अंतरावरून परतला. शेवटी २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात बालेवाडीला हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवले. ज्या पाटण्याचा तो कर्णधार होता, त्याच पाटण्याला. आम्ही हरियाणाचे कोणी नाही, पण त्या रात्री आमच्या घरात टाळ्या वाजल्या.

मधला २०२४ चा मार्च मात्र आपला होता. पुणेरी पलटणचा इतिहास म्हणजे पहिल्या दोन हंगामांत तळाला असलेला चमू. त्यांची टिंगल आम्हीही केली आहे. नवव्या हंगामात ते पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेले, १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत, आणि जयपूरकडून २९-३३ असे हरले. दहाव्या हंगामात त्यांनी साखळीत ९६ गुण करून पहिली जागा घेतली. कर्णधार अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातला. सोबत पंकज मोहिते, मोहित गोयत, आणि इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, जो पकडीला गेला की समोरच्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. उपांत्य सामन्यात पाटण्याला ३७-२१ असे चिरडले. १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या गच्चीबौलीत अंतिम सामना हरियाणाशी. सामना असा आवळलेला की गुण मोजण्यापेक्षा श्वास मोजावे लागले. पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी मारले तेवढीच मोकळी जागा झाली. २८-२५. महाराष्ट्राच्या नावाचा करंडक २०१५ नंतर, म्हणजे यू मुंबाने बंगळुरूला ३६-३० असे हरवले त्यानंतर, पहिल्यांदा आला. आणि पुढच्याच हंगामात, अंतिम सामना पुण्यात असताना, हाच चमू पहिल्या सहांतही आला नाही. कबड्डीत कालचा राजा आज प्रेक्षकांत बसतो.

आमच्या मंडळातल्या एका घरचा मुलगा नोकरीनिमित्त मेलबर्नला असतो. त्याच मार्च महिन्यात तो फोनवर तिकडच्या बास्केटबॉलचे सांगत होता. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय लीग १९७९ पासूनची. सुरुवातीला तिथेही एकाच अंतिम सामन्यावर विजेता ठरे. १९८६ पासून तीनपैकी दोन जिंकायचे झाले आणि आता पाचपैकी तीन. २०२४ ला मेलबर्न युनायटेड आणि टास्मानियाचा जॅकजम्पर्स हा चमू समोरासमोर होते. टास्मानिया म्हणजे दक्षिणेकडचे बेट, लोकसंख्या थोडी, आणि चमूचा अवघा तिसरा हंगाम. तिसऱ्या सामन्यात जॅक मॅकव्हे नावाच्या गड्याने अगदी शेवटच्या क्षणाला जवळजवळ अर्ध्या मैदानावरून चेंडू टाकला आणि तो पडला. मालिका दोन-दोन अशी झाली. पाचवा सामना ३१ मार्चला मेलबर्नमध्येच. टास्मानिया ८३-८१ ने जिंकला. पोरगा मेलबर्नचा पाठीराखा, त्यामुळे त्याचा आवाज पडलेला. आम्ही त्याला विचारले, एकाच सामन्यात ठरले असते तर? तो म्हणाला, पहिलाच सामना शेवटचा असता तर करंडक मेलबर्नला असता.

ते वाक्य आमच्या डोक्यात राहिले. पाच सामन्यांची मालिका म्हणजे एका चुकीची भरपाई करायला जागा. कबड्डीत तशी मालिका होणे कठीण. चाळीस मिनिटांत माणसावर माणूस पडतो, गुडघा जातो, खांदा निखळतो. आठ दिवसांत पाच वेळा तेच चौदा गडी भिडवले तर शेवटी राखीव पोरे खेळतील. शिवाय लीगचा तांडा गावोगाव फिरतो आणि अंतिम सामना आधीच ठरलेल्या शहरात होतो. म्हणून तिथे एकच रात्र. आम्हाला ते पटते. पण एका रात्रीचा निकाल मागायचा तर त्या रात्रीचे पंच आणि घड्याळ पक्के हवे.

ते पक्के नसले की काय होते, हे साऱ्या जगाने ७ ऑक्टोबर २०२३ ला पाहिले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण पुरुषांचा अंतिम सामना एका चढाईच्या गुणांवरून जवळपास तासभर बंद पडला. गडी मैदानातच बसून राहिले. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला, पण जिंकल्याची चव थोडी उणीच राहिली. त्याच दिवशी सकाळी आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असे, एका गुणाने हरवून सुवर्ण घेतले आणि ते त्या स्पर्धेतले भारताचे शंभरावे पदक ठरले. त्याच्या दोनच दिवस आधी, ५ ऑक्टोबरला, आपला पांढुर्णा जिल्हा झाला होता, सौसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा. आमच्या कचेरीत त्या आठवड्यात नव्या पाट्या रंगवणे, फायली वेगळ्या करणे यात कोणाला मान वर करायला फुरसत नव्हती, तरी मुलींचा सामना मोबाइलवर टेबलाखाली पाहिला गेला. एवढे असून मुलींच्या लीगचे काय? २०१६ मध्ये तीन चमूंची एक छोटी स्पर्धा घेतली, तिचा अंतिम सामनाही एका गुणाने, २४-२३ असा झाला, आणि पुढच्या हंगामांत ती दिसली नाही. आमच्या मंडळाने तरी मुलींचे सामने बंद पाडले नाहीत, याचा आम्हाला अभिमान आहे.

पंच नसलेल्या सामन्याबद्दल आम्ही पांढुर्ण्याकडच्या लोकांनी काय बोलावे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव. गोटमारीची परंपरा किती जुनी आणि ती का पडली याच्या कथा सगळ्यांनी ऐकल्या आहेत. त्यात जीव गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले, लोकांनी शेवटी दगडच उचलले. आमच्यासारख्यांची त्या दिवशी ड्यूटी लागते आणि संध्याकाळी रुग्णवाहिकांची मोजदाद करून घरी यावे लागते. श्रद्धेचा भाग असेल त्याला नमस्कार. पण ज्या पोरांच्या मनगटात झेंड्यापर्यंत पोचायची ताकद आहे, त्यांच्यासाठी चारच दिवसांनी गणपतीच्या मैदानावर तेरा मीटर बाय दहा मीटरची जागा आखलेली असते, एवढे आम्ही दरवर्षी त्यांना सांगतो. काही येतात.

आता त्या मैदानाबद्दल, आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. आमच्या मंडळाची स्पर्धा बरीच वर्षे बाद पद्धतीची होती. चिठ्ठ्या टाकायच्या, जोड्या लावायच्या, हरला तो गेला. गावोगावचे चमू ट्रॅक्टरवर बसून येत. कन्हानपलीकडच्या एका खेड्यातला चमू दर वर्षी यायचा, अनवाणी खेळायचा, आणि प्रेक्षकांचा लाडका होता. एका वर्षी चिठ्ठीत त्यांची गाठ पहिल्याच सामन्यात गतविजेत्यांशी पडली. शेवटच्या मिनिटाला ते एका गुणाने मागे होते आणि त्यांचा चढाईपटू समोरच्या दोघांना शिवून मध्यरेषेकडे येत होता. तेव्हा घड्याळ आमच्या हातात होते. साधे मनगटी घड्याळ. आम्ही शिट्टी वाजवली. तो रेषेवर पोचला की नव्हता पोचला, शिट्टी आधी की हात आधी, यावरून अर्धा तास गोंधळ झाला. पंचांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही म्हटले वेळ संपली होती. निकाल तसाच राहिला. खरे सांगायचे तर आमची नजर त्या क्षणी घड्याळावर नव्हती, चढाईवर होती. नजर खाली गेली तेव्हा काटा पुढे गेलेला होता, किती पुढे ते आम्हाला माहीत नाही.

तो चमू एक अक्षर न बोलता ट्रॅक्टरवर बसला. त्यांच्यासाठी ठेवलेले जेवणही त्यांनी घेतले नाही. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

मंडळाच्या बैठकीत आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्या काकाजींनीच, ज्यांनी टीव्हीवर हुतुतू ओळखले होते, विषय काढला की इतक्या दुरून येणाऱ्या पोरांना एकाच सामन्यात परत पाठवणे बरे नाही. खर्चाचा प्रश्न आला. दिवे, पंचांचे मानधन, दोन दिवसांऐवजी चार दिवस मैदान. एकाने सांगितले की लोक साखळीचे सामने पाहायला थांबत नाहीत, हार-जीत लगेच हवी असते. तो मुद्दा खोटा नव्हता. पहिल्या वर्षी साखळीच्या सामन्यांना गर्दी खरोखरच कमी झाली. तरी चार-चार चमूंचे दोन गट झाले. प्रत्येकाला तीन सामने नक्की, मग गटातले पहिले दोघे उपांत्य फेरीत, मग अंतिम. लीगच्या पहिल्या चार हंगामांची रीत, फक्त विसर्जनाच्या आधी संपणारी. आणि घड्याळ बदलले. आता एक मोठे अंकांचे घड्याळ प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेले असते, आणि दुसरे वेळाधिकाऱ्याच्या टेबलावर.

त्या खेड्यात आम्ही स्वतः गेलो होतो. ज्याच्या चढाईवर शिट्टी वाजली होती तो आता संत्र्याच्या बागेत काम पाहतो, गुडघा दुखतो म्हणून खेळत नाही. चूक आमची होती असे सांगितले. तो हसला, म्हणाला, "भाऊ, मी पोचलो नव्हतो. पण तुम्ही शिट्टी लवकर मारली हेही खरं." चहा झाला. चमूचे काय, विचारल्यावर त्याने पोरांना विचारून सांगतो म्हटले.

यंदाच्या नोंदणीच्या वहीत आठ चमूंची नावे आहेत. सातव्या ओळीवर त्या खेड्याचे नाव आहे, बारा गडी, त्यातले चौघे शाळकरी, आणि प्रशिक्षक म्हणून त्याचे. त्यांचा पहिला सामना गणपतीच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आहे. आरती त्या दिवशी साडेसहाला.